तक्ताबाईंचा मुका तास

विद्यापीठात त्यांना सगळे तक्ताबाई म्हणत. अर्थात मागून. समोर 'मॅडम'. आपल्याला हे नाव पडलंय हे आपल्याला माहीतच नाही, असं बाई बावीस वर्षं दाखवत आल्या होत्या. आणि मनातल्या मनात त्यांना ते नाव थोडंसं आवडायचंही.

कारण तक्ते होतेच तसे. फ्रेंच व्याकरणाचा एकेक नियम एकेका तक्त्यावर, मागून कापड चिकटवलेला, वरखाली लाकडी दांड्या, लाल शाईत अपवाद. बाई वर्गात शिरायच्या त्या काखेत दोन गुंडाळ्या घेऊनच. तक्ता टांगायचा, नियम सांगायचा, मुलांकडून तीनदा म्हणून घ्यायचा, मग उदाहरणं. आधी नियम, मग बाकीचं जग. देवानेही आधी नियमच केले असणार, अशी बाईंची प्रामाणिक समजूत होती.

देवाशी बाईंचं बोलणं रोजचं. पहाटे अंघोळ झाली, की दिवा लावून त्या दिवसापुरतं एक व्रत घ्यायचं. मोठं नाही, झेपेल एवढंच. आज चिडणार नाही. आज कुणाचं बोलणं मधेच तोडणार नाही. आणि व्रत मोडलं, तर दुसऱ्या दिवशी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मौन. हा दंड बाईंनी स्वतःच ठरवलेला. ठरवला तेव्हा त्यांना वाटलं होतं, वर्षातून एखाद्या वेळी लागेल. आता दूधवाल्यालासुद्धा सवय झाली होती. बाईंनी नुसतं बोट दाखवलं, की तो म्हणायचा, "काल काहीतरी मोडलं वाटतं. एक लिटर ना?"

त्या सोमवारी विभागप्रमुखांनी बाईंना आणि नव्या सरांना खोलीत बोलावलं. नवे सर दोन वर्षांपूर्वी आलेले, तरतरीत, सदा बाह्या दुमडलेल्या. ते पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या तुकडीला व्याकरण शिकवायचे, आणि त्यांची तऱ्हा उलटी. नियम सांगायचाच नाही. फळ्यावर दहा वाक्यं लिहायची आणि म्हणायचं, "शोधा." मुलं त्यांना शोधासर म्हणत. हेही मागूनच.

"पुढच्या वर्षी पहिल्या वर्षाचं व्याकरण एकाकडेच द्यायचं आहे," विभागप्रमुख म्हणाले. ते निवृत्तीला आलेले, गरीब स्वभावाचे गृहस्थ, कुणाला दुखवायची वेळ आली की चष्मा पुसायला घ्यायचे. आता पुसत होते. "दोन तुकड्या, दोन पद्धती, परीक्षेला गोंधळ होतो. मुलांनाच विचारू या. या आठवड्यात दोन्ही वर्गांकडून प्रश्नावली भरून घेऊ, शुक्रवारी ठरवू. दुसऱ्याकडे तिसऱ्या वर्षाचा कार्यालयीन पत्रव्यवहार जाईल."

 कार्यालयीन पत्रव्यवहाराला चार मुलं असायची. त्यातली दोन चुकून आलेली. पहिलं वर्ष म्हणजे साठेक कोरे चेहरे, ज्यांना फ्रेंचमधलं 'मी'सुद्धा म्हणता येत नाही, आणि जूनअखेर पहिलं वाक्य जमलं की जे एकमेकांकडे बघून हसतात. त्या हसण्यासाठी तर बाई बावीस वर्षं गुंडाळ्या वाहत होत्या.

प्रश्नावलीचं काम ज्या संशोधक मुलीकडे होतं, ती बाईंची सख्खी भाची. 'विद्यार्थ्यांना व्याकरण कसं शिकायला आवडतं' हाच तिचा पीएचडीचा विषय. ती राहायचीही बाईंकडेच.

"काय विचारणार आहेस गं?" सोमवारी संध्याकाळी भाजी निवडता निवडता बाईंनी विचारलं, अगदी सहज.

"मावशी, ते सांगता येत नाही."

"मी कुठे उत्तरं विचारतेय? नुसते प्रश्न."

"प्रश्नही नाही. आणि तू माझ्या पिशवीकडे बघू नकोस."

"मी भाजीकडे बघतेय."

"भाजी इकडे आहे, मावशी."

मंगळवारचं व्रत ठरलेलंच होतं मग: आज कुणाविषयी वावगं बोलणार नाही. सकाळी दहाच्या तासापर्यंत ते सुरळीत चाललं. तासात आखूड केसांची एक मुलगी, जी पहिल्या बाकावर बसून शेवटच्या बाकावरच्यासारखे प्रश्न विचारायची, ती उभी राहिली.

"मॅडम, त्या तुकडीत म्हणे नियम सांगतच नाहीत. आपणही तसं करायचं का एकदा?"

"नको बाई," मागून एक चष्मेवाला ओरडला. "मला आधी नियम हवा. नाहीतर पोहता येत नसताना विहिरीत ढकलल्यासारखं होतं."

"पण नियम ऐकला की मला झोप येते," दुसरा एक मुलगा म्हणाला.

"तुला पंखा लागला तरी झोप येते!"

"अरे, त्या तुकडीतली माझी मैत्रीण म्हणते, तास संपतो तरी कळत नाही की आपण शोधलेलं बरोबर आहे का. सर नुसते हसतात."

"पण तिला आठवतं तरी! आपल्याला तक्ता म्हणता येतो, मध्येच कुणी थांबवलं की पहिल्यापासून म्हणावं लागतं."

हे शेवटचं बाईंना झोंबलं. आणि जिभेवर जे आलं ते इतकं गोड होतं, की गिळवेना. "असं आहे मुलांनो," बाई हळूच म्हणाल्या. त्या नेहमीच हळू बोलत, त्यामुळे त्यांचं वाईट बोलणंही आशीर्वादासारखं ऐकू यायचं. "ज्यांना स्वतःला नियम आठवत नाहीत, ते दुसऱ्यांना शोधायला लावतात."

वर्ग खो खो हसला. बाईंना दोन क्षण फार बरं वाटलं. जिना उतरेपर्यंत वाटत होतं. शेवटच्या पायरीवर व्रत आठवलं.

बुधवारी दिवा लावून बाईंनी मुकाट्याने दंड स्वीकारला. डोळे मिटून, हात जोडून, बारापर्यंत मौन. तसं काही अवघड नव्हतं, सवयीचंच. मग चहा गाळत असताना भाची बाहेर आली, ओले केस टॉवेलात गुंडाळलेली.

"मावशी, साखर संपलीय का?"

बाईंनी डब्याकडे बोट केलं.

भाची थबकली. "परत? काल काय मोडलंस?"

बाईंनी छताकडे पाहिलं.

"कुणाबद्दल बोललीस ना? शोधासरांबद्दल?" भाचीला हसू आवरेना. आणि मग ते आपोआप आवरलं. "मावशी. आज बुधवार आहे. दहाला तुझा पहिल्या वर्षाचा तास आहे. आणि तासाच्या शेवटी मी प्रश्नावली वाटणार आहे."

चहा ओट्यावर सांडला.

पुढचा अर्धा तास बाई देवापुढे वकिली करत बसल्या, अर्थात मनातच. मौन उद्यावर ढकलता येईल का? दिव्यापुढे घेतलेलं, नाही. तासाला रजा टाकावी? म्हणजे आजारी असल्याचं खोटं लिहावं लागणार, म्हणजे उद्याही मौन. फ्रेंचमध्ये बोललं तर ते बोलणं धरायचं का? या मुद्द्यावर बाई बराच वेळ घुटमळल्या. पण देवाला फ्रेंच येत नाही असं म्हणायची त्यांची छाती होईना. शेवटी एवढीच सूट मिळाली, म्हणजे बाईंनी घेतली: फळ्यावर फ्रेंच वाक्य लिहायला हरकत नाही. नियम लिहिणं म्हणजे मात्र पळवाट.

"अगं, निदान वर्गाला चिठ्ठी तरी लिहू का मी?" भाचीने दारात विचारलं. "'मावशी देवाला दिलेल्या शब्दाला बांधील आहेत' अशी?"

बाईंनी तिच्याकडे जे पाहिलं, त्यात वावगं बरंच होतं. पण पाहण्याबद्दल व्रत नव्हतं.

त्या दिवशीचा तक्ता म्हणजे बाईंचा मुकुटमणी. फ्रेंचमध्ये झालेली गोष्ट सांगताना क्रियापदाला हाताशी एक मदतनीस क्रियापद लागतं. बहुतेकांचा मदतनीस 'आव्वार', पण सतरा क्रियापदं अशी हट्टी, की त्यांना 'एत्र'च लागतो. ती सतरा बाईंनी एका चालीत बसवली होती. चालीशिवाय तो तक्ता कसा दिसतो हे बाईंनी आजवर पाहिलंच नव्हतं.

त्यांनी तक्ता टांगला. छडीने पहिल्या शब्दावर टकटक केलं. वर्ग वाट पाहत राहिला. बाईंनी दुसऱ्यावर टकटक केलं. साठ टक्के मुलं तक्त्याकडे परक्या गावच्या बसच्या वेळापत्रकाकडे बघावं तशी बघत होती. बाकीची बाईंकडे.

"मॅडम, घसा बसलाय का?" आखूड केसांच्या मुलीने विचारलं.

होकारार्थी मान हलवणं हेही खोटंच झालं असतं. बाईंनी ओठावर बोट ठेवलं, आणि मग हात जोडून वर पाहिलं.

"प्रार्थना आहे?" चष्मेवाला कुजबुजला.

"परीक्षा आहे," कुणीतरी घाबरून म्हणालं.

बाई घामाघूम झाल्या. बावीस वर्षं त्यांची समजूत होती, की तक्ता शिकवतो आणि आपण नुसत्या टांगतो. निघालं भलतंच. तक्ता लाकडासारखा गप्प होता, लाकडाच्याच दांड्यांत. शेवटी बाईंनी खडू उचलला. फळ्यावर एक वाक्य लिहिलं, फ्रेंचमध्ये: 'ती बाहेर गेली.' मदतनिसाखाली रेघ ओढली. आणि दुसरं काही सुचेना म्हणून दार उघडून बाहेर गेल्या.

बाहेर बोळात नवे सर येत होते. "नमस्कार मॅडम, तास सुटला का?" बाईंनी खडूसकट हात जोडले, मान झुकवली, आणि परत आत जाऊन 'ती आत आली' असं लिहिलं. एत्र. रेघ. मग व्यासपीठावर चढल्या. लिहिलं. उतरल्या. लिहिलं. मग खुर्चीवर बसून नसलेलं सफरचंद खाल्लं, आणि त्या वाक्यात मदतनीस लिहिला तो आव्वार. पुस्तक वाचलं, आव्वार. खिडकी पुसली, आव्वार.

"थांबा, थांबा!" झोपेची तक्रार करणारा मुलगा उठून उभा राहिला. पूर्ण जागा. "मॅडम स्वतः हलल्या, की एत्र!"

"मग पळाल्या तर?" आखूड केसांची मुलगी.

बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग चपला सांभाळत खिडकीपासून दारापर्यंत पळाल्या. पंचावन्नाव्या वर्षी, भरल्या वर्गात. फळ्यापाशी येऊन धापा टाकत लिहिलं: आव्वार.

"ह्या! मोडला की नियम!"

"मोडला नाही रे. पळणं म्हणजे नुसती पायांची हालचाल. एत्र म्हणजे इथलं माणूस तिथे. आत, बाहेर, वर, खाली."

"मग हे 'राहणे' कशाला या तक्त्यात? राहणारा तर हलतच नाही!"

सगळी डोकी बाईंकडे वळली. बाईंनी दोन्ही हात पसरले. त्यांना माहीत नव्हतं. बावीस वर्षं दरसाल तीनदा म्हणून घेतलं होतं आणि आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारायला बाईंनी उसंतच दिली नव्हती. आज बोलता येत नव्हतं ते एका परीने बरंच झालं, नाहीतर त्यांनी 'तो अपवाद, लाल शाई बघा' असं म्हणून पोराला खाली बसवलं असतं.

"आणि हे 'मरणे'?" आखूड केसांची मुलगी तक्त्यापाशी आली होती. आता निम्मा वर्गच तिथे आला होता. "मॅडम, मेलेलं माणूस कुठे जातं? ते तर पडूनच राहतं."

या प्रश्नाचं उत्तर मात्र बाईंना पक्कं ठाऊक होतं. रोज दिव्यापुढे बसणाऱ्या माणसाला ते ठाऊक असतंच. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, व्यासपीठावर आडव्या झाल्या, छातीवर हात घेतले आणि डोळे मिटले.

 कुणीतरी मागून, अगदी हळू म्हणालं, "जातातच की गं. इथून तिथे."

बाईंच्या बंद डोळ्यांत टचकन पाणी आलं. आपल्या तक्त्यात इतकं काही होतं हे त्यांना मेल्यावर कळत होतं.

नेमका त्याच वेळी दरवाजा उघडला.

"अरे देवा!" विभागप्रमुखांचा आवाज. "बघत काय उभे राहिलात? पाणी आणा! डॉक्टरांना फोन करा! बाई! बाई, ऐकताय का?"

ऐकत होत्या, पण 'हो' म्हणायची सोय नव्हती. बाई ताडकन उठून बसल्या. त्याने विभागप्रमुख आणखीच दचकले.

"सर, काही नाही, मॅडम नुसत्या मेल्यात," चष्मेवाल्याने समजूत घातली.

"आता जन्माला येणार आहेत," तक्त्यातल्या पुढच्या शब्दावर बोट ठेवत आखूड केसांची मुलगी म्हणाली. आणि बाईंना येणं भागच पडलं. त्या टेबलाखाली शिरल्या, आणि केसाला लागलेल्या जळमटासकट पलीकडून बाहेर आल्या. वर्गाने टाळ्या वाजवल्या. दारात, विभागप्रमुखांच्या मागे, प्रश्नावल्यांचा गठ्ठा छातीशी धरून भाची उभी होती. तिचा चेहरा बघण्यासारखा होता, पण बाईंनी बघितला नाही.

शुक्रवारी सकाळी बाईंनी सोपं व्रत निवडलं: आज खरं तेवढंच बोलेन. शुक्रवारी त्यांना तास नसायचा, बोलायची वेळच कमी. शहाण्या माणसाने व्रतं अशीच निवडावीत.

विभागप्रमुखांच्या खोलीत चार खुर्च्या. भाचीने कागद उघडला. "एकसष्ट जणांनी भरून दिलं. एकोणचाळीस जणांना नियम आधी सांगितलेला हवा आहे, अठरा जणांना स्वतः शोधायचाय. चौघांनी लिहिलंय, दोन्ही नकोत."

नव्या सरांनी दुमडलेल्या बाह्या हळूच उलगडल्या. "माझ्या तुकडीतलेसुद्धा?"

"तुमच्या तुकडीतले निम्म्याहून जास्त, सर." भाची भराभरा पुढे गेली. "शिवाय मोकळ्या जागेत लिहिलेलं वाचते. 'नियम आधी सांगा, शोधत बसलं की बस चुकते.' 'स्वतः शोधलेलं विसरत नाही, पण ते बरोबर आहे एवढं तरी कुणी सांगा.' 'तक्ता पाठ आहे. तक्त्यात काय आहे ते माहीत नाही.'"

आता बाईंची पाळी होती. त्यांनी नखाकडे बघितलं.

"आणि हे एक, वेगवेगळ्या शब्दांत अकरा जणांनी लिहिलंय." भाचीने खाकरून घेतलं. "'मॅडम मेल्या तेव्हा समजलं.'"

विभागप्रमुखांनी चष्मा पुसायला घेतला नाही. उलट नीट चढवला. "मला तर नवल वाटत नाही. बुधवारी मी डोळ्यांनी पाहिलं. बाई, बावीस वर्षांची पद्धत एका दिवसात बदलायची, तीही या वयात, याला मोठं मन लागतं. नियमही तुमचा पक्का, आणि आता शोधायलाही लावता. मला वाटतं प्रश्नच मिटला. पहिलं वर्ष तुमचं."

बाईंच्या डोळ्यांपुढे साठ कोरे चेहरे उभे राहिले. आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्याचा सराव तर त्यांच्याइतका विद्यापीठात कुणालाच नव्हता. खरं तेवढंच बोलेन, असं व्रत होतं. न बोलणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. बाईंनी हा मुद्दा मनात दोनदा फिरवून पाहिला. दोन्ही वेळा त्यांना तो जिना दिसला, मंगळवारचा, शेवटच्या पायरीपर्यंत गोड लागलेला.

"मी पद्धत बदलली नव्हती," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"माझं मौन होतं. बारापर्यंत. बोलता येईना म्हणून पळाले, मेले, सगळं केलं. बोलता आलं असतं तर तीनदा तक्ता म्हणून घेतला असता आणि मुलांना घरी पाठवलं असतं."

"मौन कशाचं?"

हे सर्वात अवघड. बाईंचा नेहमीचा हळू आवाज आणखी हळू झाला. "मंगळवारी वर्गात मी यांच्याविषयी वाईट बोलले. म्हणाले, ज्यांना नियम आठवत नाहीत ते शोधायला लावतात. त्याचा दंड." त्या नव्या सरांकडे वळल्या. "माझं चुकलं. मनापासून सांगते."

नव्या सरांचे कान लाल झाले. "मॅडम, ते मला मंगळवारीच साडेअकराला कळलं होतं. पोरं काय ठेवतात होय पोटात." मग त्यांनीही खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळ केली. "आणि अकरा पस्तीसला मी माझ्या वर्गात म्हणालो, की काही तक्त्यांवरची धूळ झटकली तर खाली नुसता तक्ताच उरेल. तेव्हा फिटलं म्हणा."

"चांगलं होतं हो वाक्य," बाई म्हणाल्या. खरं तेवढंच.

भाची कागदाआड तोंड लपवून हसत होती.

"एक विचारू का?" नवे सर म्हणाले. "तो सतरांचा तक्ता मिळेल का आठवडाभर? माझी मुलं महिनाभर एत्र शोधताहेत. कालपर्यंत अकरा सापडली आहेत."

विभागप्रमुखांनी आता मात्र चष्मा काढला आणि फार वेळ पुसला. शेवटी म्हणाले, "बाई, पहिलं वर्ष तुमच्याकडेच राहू दे. तक्ते यांनाही मिळू देत, आणि यांनी तुमच्या वर्गाला महिन्यातून एकदा दहा वाक्यं देऊन जावीत. पत्रव्यवहार मी घेईन, माझी तेवढीच चार मुलं बरी. पण एक अट. मंगळवारी तुम्ही बोला, तुमच्या पद्धतीने. बुधवारी मात्र मौन पाळा. मुलांना तेच पाहिजे."

"दर बुधवारी?"

"दर बुधवारी."

घरी जाताना बाई हा हिशोब मनात लावत राहिल्या. मौन हा दंड होता. दंड हवा तर आधी व्रत मोडायला हवं. दर बुधवारी मौन हवं, म्हणजे दर मंगळवारी न चुकता एक व्रत मोडायला हवं.

"जमेल का गं मला?" त्यांनी भाचीला विचारलं.

भाचीने त्यांच्या काखेतली गुंडाळी आपल्या हातात घेतली. "मावशी," ती म्हणाली, "याची काळजी तू अजिबात करू नकोस."